रामलिंगच्या जंगलाला आधी वाटाड्या द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, धाराशिव
तथा अध्यक्ष, श्री तुळजाभवानी मंदिर संस्थान, तुळजापूर

विषय : येडशी रामलिंग घाट अभयारण्यात गावच्याच प्रशिक्षित वाटाड्यांसोबत एक दिवसाची निसर्गफेरी सुरू करण्याबाबत.



अभयारण्य वनविभागाच्या वन्यजीव शाखेकडे असते, महसूल खात्याकडे नसते, हे मला ठाऊक आहे. तरीही हे पत्र आपल्याला लिहिते आहे. जिल्हा नियोजन समितीचे सदस्य सचिव आपण आहात आणि तुळजाभवानी मंदिर संस्थानचे अध्यक्षही आपणच आहात. एसटी, रेल्वे, ग्रामपंचायत, शिक्षण विभाग, देवस्थान आणि वनविभाग यांना एका टेबलाभोवती बसवता येईल असे जिल्ह्यात एकच पद आहे, ते आपले.

वर्षभर रोज हजारो भाविक तुळजापूरला येतात. नवरात्रात आणि कोजागिरीला ही संख्या लाखांत जाते. सोलापूरहून अनवाणी चालत येणाऱ्यांची रांग रात्रभर तुटत नाही. आईचे दर्शन होते, गळ्यात कवड्यांची माळ पडते, प्रसाद घेतला जातो आणि सूर्य मावळायच्या आत गाड्या परतीच्या रस्त्याला लागतात. ज्या डोंगरात आई बसली आहे तो बालाघाट गाडीच्या काचेबाहेरून मागे निघून जातो. त्याच्याकडे पाहायला कोणी सांगितलेले नसते, आणि काय पाहायचे हे सांगणारा तिथे कोणी उभा नसतो.

मी या जिल्ह्यात भूगोल शिकवते. डोंगरातल्या सहलीवर निबंध लिहायला सांगितला की माझ्या वर्गातली मुले महाबळेश्वर लिहितात, माथेरान लिहितात. बालाघाटाच्या उतारावर ज्यांची घरे आहेत ती मुलेसुद्धा तेच लिहितात. यात मुलांचा दोष नाही. त्यांचा डोंगर त्यांना कोणी दाखवलेलाच नाही.

म्हणून माझी मागणी एका वाक्यात मांडते. रामलिंगच्या जंगलासाठी खर्च होणारा पहिला रुपया सिमेंटवर नको, आसपासच्या गावातला माणूस वाटाड्या म्हणून तयार करण्यावर जावा.

आधी तिथे काय आहे ते सांगते, कारण "येडशीला आहे काय?" हा प्रश्न मी जिल्ह्यातल्याच शिकल्यासवरल्या लोकांकडून पुष्कळदा ऐकला आहे.

सह्याद्रीतून फुटलेली एक रांग अहिल्यानगर, बीडवरून आग्नेयेकडे उतरत येते. आपल्या जिल्ह्यात ती पठारासारखी पसरते आणि मधूनच घळींनी चिरली जाते. सह्याद्रीसारखे सुळके आणि कोसळते कडे इथे नाहीत. इथे आहेत साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर, त्यांच्यावर तांबूस मुरुमाचे पातळ पांघरूण आणि त्यावर जमेल तसे जगणारे झाड. या पठाराची एक गोष्ट तर पाठ्यपुस्तकात ठळक छापावी अशी आहे. त्याच्या एका अंगाला पडलेला पाऊस तेरणा आणि मांजरेतून गोदावरीला जातो. दुसऱ्या अंगाला पडलेला सीना आणि बोरीतून भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळतो. दक्षिणेतल्या दोन मोठ्या नद्यांची खोरी जिथे वेगळी होतात, त्या रेषेवर आपला जिल्हा बसलेला आहे. हे मी फळ्यावर वर्षानुवर्षे काढून दाखवते. बांधावर उभे करून दाखवले तर एका मिनिटात कळते.

याच पठारावर, येडशीजवळच्या घाटात, १९९७ साली जाहीर झालेले सुमारे २२ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे. क्षेत्र लहान आहे. पण खैर, धावडा, सालई, पळस, बोर, हिवर, सीताफळ असे पानगळीचे आणि काटेरी रान, लागून माळ आणि मध्ये खोल घळ अशी तिन्ही ठिकाणे एका सकाळीत चालून होतात. या पट्ट्यात लांडगा आहे, तरस आहे, खोकड आहे, कोल्हा आहे, साळिंदर आहे, रानडुक्कर आहे. मोर तर इतके की त्यांच्या आवाजाने गाव उठते. जूनच्या पहिल्या सरींबरोबर चातक येतो. आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून आलेला हा पक्षी आपली अंडी इथल्या सातभाईंच्या घरट्यात घालतो, आणि आपले कोण, परके कोण याचा विचार न करता सातभाई त्याची पिल्ले वाढवतात. थंडीत मध्य आशियातले भोवत्या ससाणे माळावर उतरतात आणि गवताच्या शेंड्याला लागून तरंगत नाकतोडे टिपतात. फाल्गुनात पळस पेटतो. वैशाखात सगळे रान वाळके आणि उघडे होते आणि तेव्हाच जनावर दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, कारण पाणी मोजक्या जागीच उरलेले असते.

हे सगळे तिथे आहे. तरी श्रावणी सोमवारी तिथल्या रामलिंगाच्या देवळात आलेला माणूस परतताना म्हणतो, "देऊळ चांगलंय, धबधबा चांगलाय, माकडं लई हायती." तिसऱ्या गोष्टीवर त्याचे वर्णन संपते. त्याने डोळे मिटून घेतले होते असे नाही. रान आपण होऊन बोलत नाही, त्याचे बोलणे सांगणारा माणूस लागतो.

मागे एका वर्षी आमच्या मुलांना असा माणूस भेटला. घाटाच्या वरच्या माळावर मेंढरे चारणारे एक धनगर आजोबा होते. मुले गलका करत चालली होती. त्यांनी काठी आडवी धरून सगळ्यांना थांबवले आणि ओल्या मातीतला एक माग दाखवला. एक पोरगा म्हणाला, "कुत्र्याचं पाऊल हाय." आजोबा म्हणाले, "न्हाई लेकरा. कुत्रं बिनकामाचं हिंडतंय, हिकडं हुंगतंय, तिकडं वळतंय. ह्यो बघ, रेघ मारल्यावानी सरळ गेलाय. लांडगा हाय." मुले एकदम गप्प झाली. मग ते पुढे सांगत गेले. वाळून पांढरी पडलेली विष्ठा तरसाची, कारण तो हाडेही चावून खातो. केसांनी भरलेली असेल तर लांडग्याची, आणि केस कुणाचे ते पाहिले की त्याने ससा खाल्ला की मेंढी तेही कळते. बोरांच्या बियांनी भरलेली असेल तर खोकडाची किंवा कोल्ह्याची. मार्गशीर्ष-पौषात अमुक ओघळीकडे ते मेंढरे नेत नाहीत, कारण तिथे लांडगीण पिल्ले घालते. एका मुलीने विचारले, "आजोबा, त्यानं तुमची मेंढी नेली तर?" ते म्हणाले, "नेतोच की. त्याचा वाटा हाय त्यो."

त्या दिवशी मुलांना एकही वन्यप्राणी दिसला नाही. पण वर्षाच्या शेवटी त्यांनी लिहिलेल्या निबंधांत लांडगा होता, तरस होता, आजोबा होते आणि पहिल्यांदाच बालाघाट होता. भारतीय द्वीपकल्पातल्या लांडग्यांची संख्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय अंदाजानुसार सुमारे ३,१०० आहे. हा आकडा मी वर्गात त्यानंतर सांगितला, तेव्हा मुलांना तो कमी वाटला. आधी सांगितला असता तर त्यांनी तो फक्त पाठ केला असता. वाटाड्या असला की माहितीला वजन येते, ते असे.

रामलिंगाच्या देवळात उभे राहून सांगता येईल अशी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती तिथे कोणीही सांगत नाही. सीतेला सोडवताना रावणाशी लढून जटायू इथेच पडला, आणि तहानलेल्या जटायूसाठी रामाने बाण मारून पाणी काढले, अशी या जागेची श्रद्धा आहे. भाविक जटायूच्या समाधीला हात जोडतात. जटायूचे वंशज मात्र आपल्या आभाळातून निघून गेले. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या देशात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून २००७ पर्यंत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण सापडले तेव्हा जगाला धक्का बसला. गुरांच्या दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करत होते. २००६ साली पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर बंदी आली. माझ्या आजीच्या काळात मेलेले ढोर गावाबाहेर टाकले की तासाभरात आभाळ गिधाडांनी फिरू लागायचे. आज तिथे भटकी कुत्री येतात. ज्या देवळात जटायूला नमस्कार होतो, त्याच देवळाच्या पायरीवर गिधाडाची ही हकीकत भक्तिभावाने ऐकली जाईल. गुरे पाळणारा शेतकरी ती ऐकून घरी जाईल आणि दावणीच्या औषधाचे नाव वाचून पाहील. यासाठी लाखोंचे प्रदर्शन केंद्र बांधावे लागत नाही. बोलता येणारा एक माणूस पुरतो.

वाटाड्या नसला की काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. सुट्टीच्या दिवशी केळी, बिस्किटे, वेफर घेऊन लोक माकडांभोवती गोळा होतात. माकडांना रानातला पाला, फळे, शेंगा शोधण्याची गरज उरत नाही. ती हातातल्या पिशव्यांवर झडप घालू लागतात, मग त्यांनाच "उपद्रवी" म्हटले जाते. धबधब्याखाली काच फुटलेली असते. घळीत स्पीकर लागतो. यातले बहुतेक लोक वाईट नसतात. कोणी हात धरून "इथे हे करू नका, त्यापेक्षा हे बघा" असे म्हणत नाही, एवढेच. पाटी लावून हे काम होत नाही, कारण पाटी कोणाशी बोलत नाही.

आता वाघाचे सांगते. डिसेंबर २०२४ मध्ये या अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात पट्टेरी वाघ टिपला गेला आणि अख्ख्या राज्याचे लक्ष येडशीकडे वळले. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून सुमारे ५०० किलोमीटर चालत तो इथवर आला होता. त्याच टिपेश्वरचा एक वाघ २०१९ मध्ये सुमारे १,३०० किलोमीटर भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोहोचला होता. तरुण नराला स्वतःचे राज्य हवे असते, आणि टिपेश्वर त्याला पुरत नाही. आपल्याकडे आलेल्या वाघाला लोकांनी 'रामलिंग' असे नावच देऊन टाकले. धाराशिव आणि बार्शीच्या गावांत गुरे मारल्याच्या तक्रारी आल्या. त्याला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात हलवण्याचे ठरले, बाहेरून पथके आली, महिन्यांमागून महिने गेले, आणि तो काही हाती लागला नाही.

त्या महिन्यांत मी शाळेत पोचायला निघालेल्या मुलांचे चेहरे पाहत होते. भीती खरी होती. पण वाघापेक्षा जास्त वेगाने मोबाइलवरचे खोटे फोटो धावत होते. कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातला वाघ आमच्या बोअरच्या शेजारी उभा दाखवला जात होता. रात्री पाणी द्यायला गेलेला शेतकरी रानडुकराच्या हालचालीनेही घाबरून पळत होता. अशा वेळी दर गावात माग ओळखणारे, वनरक्षकाशी रोजचे बोलणे असलेले, लोकांचा विश्वास असलेले दोन तरुण असते तर काय झाले असते? त्यांनी ठसा पाहून सांगितले असते, हा वाघ नाही, तरस आहे. किंवा हा वाघच आहे, आज या बाजूला कोणी जाऊ नका. पाहुण्यांना फिरवणारा वाटाड्या संकटाच्या काळात गावाचा डोळा होतो. वाघ पुन्हा येईल. हा नाही तर दुसरा येईल. तेव्हा आपण पथकांची वाट पाहत बसायचे की आपली माणसे आधीच तयार ठेवायची, हे ठरवायची वेळ आता आहे.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात एक मोठा धडा आपल्यासमोर लिहिलेला आहे. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी तिथे अभयारण्य जाहीर झाले. कागदावर त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते, त्यात शेते होती, गावे होती, शहरेसुद्धा होती. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, लोक त्रासले आणि ज्या पक्ष्याचा त्यांना अभिमान वाटायला हवा होता त्याच्या नावाने बोटे मोडू लागले. पुढे हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणावे लागले. तोवर माळढोक जवळपास संपला होता. आज त्या अभयारण्यातल्या नान्नजच्या माळावर तो दिसणे ही दुर्मीळ बातमी असते. कायदा आवश्यक होता, तो करणाऱ्यांची तळमळही खरी होती. पण गावाच्या हाती त्या पक्ष्यामुळे काही आले नाही, गेले मात्र पुष्कळ. ज्या संरक्षणात गावाचा वाटा नसतो ते टिकत नाही, हे आपल्याच उंबऱ्यावर सिद्ध झाले आहे.

याच्या उलट उदाहरणेही जवळच आहेत. उजनी धरणाच्या जलाशयावर भिगवणजवळ कुंभारगाव, डिकसळ इथले मासेमारी करणारे तरुण आज रोहित पक्षी दाखवतात. होडी त्यांचीच, डोळा त्यांचाच. पक्षी किती अंतरावर उडतो आणि होडी कुठे थांबवायची हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. हिवाळ्यात त्यांच्या घरांत पाहुणे जेवतात. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात परिसरातल्या गावांची समिती शुल्क घेते, माणसे नेमते, रोजच्या पर्यटकांना ३,००० ची मर्यादा घालते. पुणे वनविभागाने २०२३ मध्ये इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या गाडीखेलमध्ये गवताळ सफारी सुरू केली. तिथे वाघ नाही, बिबट्याची हमी नाही. चिंकारा, लांडगा, खोकड आणि माळावरचे पक्षी पाहायला पुण्याचे लोक पहाटे गाडी काढून येतात. सोबत स्थानिक तरुण मार्गदर्शक असतो. आमच्या माळावर जे आहे तेच तिथे आहे. तिथे दाखवणारा माणूस उभा राहिला, इथे अजून नाही, एवढाच फरक.

आता काय करावे, ते नेमके मांडते.

वाटाडे येडशी आणि अभयारण्याला लागून असलेल्या गावांतूनच निवडावेत. निवडीत बारावीच्या गुणांना महत्त्व नको. रान किती ठाऊक आहे त्याला असावे. मेंढपाळ, सरपण आणि मध गोळा करणारे, पूर्वी शिकार केलेले आणि आता सोडलेले, या सगळ्यांच्या डोक्यातले ज्ञान वाया चालले आहे. त्यांच्या जोडीला शिकलेली मुले-मुली द्या. वाटाड्यांत निम्म्या मुली असाव्यात, असा माझा आग्रह आहे. या जिल्ह्यात मुलींची लग्ने लवकर होतात, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. गावातच मानाचे, कमाईचे काम असलेल्या मुलीचे लग्न दोन वर्षे पुढे ढकलायला बाप तयार होतो.

प्रशिक्षण वर्षभर चालावे. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असे तिन्ही रूपांतले रान त्यांनी चालून पाहावे. माग आणि विष्ठा ओळखणे, पक्ष्यांचे आवाज, खडकांचे थर, सर्पदंशावरचा प्रथमोपचार, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नाही म्हणायला शिकणे. पाहुणा म्हणाला, लांडग्याची पिल्ले दाखवा, हजार रुपये देतो, तर वाटाड्याने ठाम नकार दिला पाहिजे. नकार देणाऱ्याच्या मागे वनविभाग उभा राहिला पाहिजे.

फेरी एका दिवसाची असावी. पहाटे माळावर, ऊन चढायच्या आत घळीत आणि देवळात, दुपारी तेरला. तगर या नावाने पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याला ठाऊक असलेले हे गाव संत गोरोबाकाकांचेही आहे. तिथल्या लामतुरे संग्रहालयात रोमन जगाशी असलेल्या व्यापाराच्या खुणा पाहायला मिळतात. डोंगर, रान आणि माणसाचा इतिहास एकाच दिवसात बसतो. जेवण बचत गटाकडे द्या. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पिठले, हंगामात हुरडा आणि सीताफळ. पाहुण्याला यापेक्षा निराळे काही नको असते.

येण्याची सोय नव्याने बांधायची नाही. येडशीला रेल्वे स्टेशन आहे, धुळे–सोलापूर महामार्ग अंगावरून जातो. १८९७ साली कुर्डुवाडी–बार्शी अशी सुरू झालेली आणि पुढे लातूरपर्यंत पोचलेली बार्शी लाइट रेल्वे याच घाटातून हळूहळू जायची. गाडीतून जंगल पाहणारी एक पिढी आमच्या घरांत अजून आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजहून पाणी घेऊन लातूरला गेलेली रेल्वेही याच वाटेने गेली. ज्या जिल्ह्याच्या रुळांवरून तहानेचे टँकर गेले, तिथल्या मुलांना पाणी कोणत्या डोंगरातून उतरते ते पाहता यायला हवे. तुळजापूरच्या भक्तनिवासात सकाळी निघणाऱ्या एका छोट्या एसटीची नोंदणी ठेवली तरी सुरुवात होते. संस्थानच्या माहिती फलकावर रामलिंगाची एक ओळ लिहायला खर्च येत नाही.

मर्यादा पहिल्या दिवसापासून ठरवाव्यात. २२ चौरस किलोमीटरच्या रानात ठरावीक गट, ठरावीक वाटा, पायी. आठवड्यातला एक दिवस पूर्ण बंद. पिल्लांच्या हंगामात माळाचा काही भाग बंद. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात पर्यटनासाठी परवाना देता येतो. त्या चौकटीत हे सगळे बसते. झिपलाइन, काचेचा पूल, रोषणाई, रात्रीची सफारी यांचे प्रस्ताव आपल्या टेबलावर येतील, कारण ठेकेदाराला त्यात काम दिसते. त्यांना कृपा करून थारा देऊ नका. इतक्या लहान रानात एक मोठे बांधकाम म्हणजे तिथल्या जनावरांना घर सोडायला लावणे आहे.

शुल्काचे पैसे गावाच्या समितीकडे राहावेत आणि त्याचा हिशेब चावडीवर लावला जावा. आणि जिल्ह्यातल्या शासकीय व जिल्हा परिषद शाळांच्या मुलांना ही फेरी मोफत असावी. प्रत्येक मुलाने शाळा सोडायच्या आत एकदा तरी बालाघाट पायांनी मोजलेला असावा.

यावर काय म्हटले जाईल ते मी जाणते. वाघच पकडता येईना, पर्यटक कुठे आणता, असे म्हणतील. गटाने, दिवसा, जाणत्या माणसाबरोबर जाणे हेच सर्वांत सुरक्षित जाणे आहे. धोका आज आहे, जेव्हा कोणीही कुठेही एकटा घुसतो. दुसरे म्हणतील, उन्हाळ्यात कोण येणार? मग उन्हाळ्यात पहाटेचे तीन तास ठेवा आणि बाकीचे दिवस पाणवठ्यांच्या कामाला द्या. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या, दुष्काळाने पिचलेल्या जिल्ह्यात हे चैनीचे काम नाही का? माझे उत्तर असे की शहरात जाऊन चौकीदारी करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना विचारा. गावात वर्षातले काही महिने जरी अशी कमाई मिळाली तर ते परत येतील की नाही, ते तेच सांगतील. आणि जंगल हा चैनीचा विषय नाही. माळ आणि रान पावसाचे पाणी धरते, म्हणून खाली विहिरींना पाझर असतो. आपल्या दप्तरात जो माळ पडीक जमीन म्हणून नोंदलेला आहे, त्याच्यावर उद्या कोणाचा डोळा गेला तर त्याच्या बाजूने बोलणारे कोण असेल? ज्यांनी तिथे लांडग्याचा माग पाहिला आहे तेच बोलतील.

माझी विनंती मुदतीसह मांडते. येत्या महिन्याभरात येडशीत एक बैठक बोलवा. वनविभाग, ग्रामपंचायती, शिक्षण विभाग, एसटी, संस्थान आणि गावातले मेंढपाळ, सगळे त्यात असू द्या. मेंढपाळांना मागच्या रांगेत बसवू नका, प्रशिक्षक म्हणून पुढे बसवा. जिल्हा नियोजनाच्या निधीतून वाटाड्यांच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र तरतूद करा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह असतो, नवरात्र त्याच सुमारास येते आणि कोजागिरी त्यापाठोपाठ. भाविक जिल्ह्यात असतात, पाऊस नुकताच सरलेला असतो, रान हिरवे असते. पहिली फेरी त्या आठवड्यात निघावी, आणि त्यात पहिल्या जागा जिल्हा परिषदेच्या एका शाळेतल्या मुलांना मिळाव्यात. त्यासाठी मुलांची यादी, पालकांची संमतीपत्रे आणि पायी चालायची तयारी या तिन्ही गोष्टींची जबाबदारी मी आजच घेते. बैठकीची तारीख तेवढी आपण कळवावी.

आपली नम्र,
धाराशिव जिल्ह्यातील एक भूगोल शिक्षिका